ग्रीसला जाऊन तिथलं पारंपरिक काय खावं-प्यावं? बायको शाकाहारी आहे, तिचे हाल होतील का?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये नऊ दिवस अथेन्स आणि सँटोरिनी, तुम्ही सगळं खाता, बायको अंडंसुद्धा खात नाही, म्हणून बॅग भरून रेडी टू इट पाकिटं न्यायची का. थेपले न्या हवं तर, विमानात संपतील, पाकिटं घरीच राहू द्या. मी मर्चंट नेव्हीत होतो, आमचं जहाज अथेन्सच्या पिरेअस बंदराजवळ पेरामाच्या यार्डात दुरुस्तीसाठी दोन महिने अडकलं होतं आणि तेवढ्या दिवसांत मी गल्लीबोळातल्या तावेर्नांमध्ये (म्हणजे आपल्याकडची घरगुती खानावळ, फक्त तिथे वाईनही मिळते) पोटभर जेवलोय. माझं मत असं झालंय की ग्रीक लोक रोज घरी जे जेवतात ते निम्मं भाजी-कडधान्यच असतं, टुरिस्टला मात्र मूसाका (वांगी आणि खिम्याचे थर लावून भाजलेला पदार्थ) आणि यीरोस (उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचे काप) एवढंच दाखवतात.

त्यामुळे बायकोने एक शब्द पाठ करावा, लाडेरा. लाडी म्हणजे तेल, आणि लाडेरा म्हणजे भरपूर ऑलिव्ह ऑइल आणि टोमॅटोत मंद शिजवलेल्या भाज्या. फरसबीची फासोलाकिया, भेंडीची बामियेस, वांगी-बटाटे-झुकिनी एकत्र भाजलेलं ब्रियाम, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे गिगान्तेस. हे सकाळी शिजवून ठेवतात आणि कोमटच वाढतात, गरम करून द्या म्हणून मागे लागू नका, तसंच खायचं असतं. मी जायचो तिथली म्हातारी बाई मला सरळ किचनमध्ये न्यायची, एकेक झाकण उचलून दाखवायची आणि मी बोट दाखवायचो, भाषा लागलीच नाही. एकदा तिने उकडलेल्या पाल्याचा ढीग ताटात घातला, वर तेल आणि अर्धं लिंबू पिळलं, नाव म्हणाली व्लीता. पहिला घास खाल्ला आणि म्हटलं अरे हा तर आपला माठ! खरंच तो माठाच्याच जातीचा आहे, फक्त फोडणी नाही की लसूण नाही. माझ्या आईने असा अळणी माठ वाढला असता तर मी ताटावरून उठलो असतो, तिथे मी दोनदा मागून घेतला.

सँटोरिनीला जाताय तर फावा चुकवू नका. दिसायला डिट्टो पिठलं, पिवळं घट्ट, वर कच्चा कांदा, तेल आणि लिंबू. त्या बेटावर ज्या दाण्याची फावा करतात तो आपल्या विदर्भातल्या लाखोळी डाळीच्या कुळातला आहे, माझी सासुरवाडी भंडाऱ्याकडची म्हणून मला हे कळल्यावर फार गंमत वाटली.

आता शाकाहारी माणसाला फसवणाऱ्या गोष्टी. दोल्मादेस म्हणजे द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, त्यात खिमा असतो किंवा नसतो, बिनखिम्याच्याला यालांजी म्हणतात, म्हणजे तुर्कीत चक्क 'खोटारडा'. भरलेले टोमॅटो-मिरच्या, येमिस्ता, तेही विचारूनच घ्या. गुलाबी चटणीसारखी तारामोसालाता म्हणजे माशाची गाबोळी. आणि सगळ्यात मोठी गोम उपवासाची. ऑर्थोडॉक्स लोक ईस्टरआधी कितीतरी आठवडे, शिवाय बरेच जण बुधवार-शुक्रवारीही, मांस-अंडी-दूध सोडतात आणि त्या पदार्थांना निस्तीसिमो म्हणतात. आम्ही खुश, आमच्या जैन थर्ड इंजिनियरसाठी बिनधास्त निस्तीसिमो मागवलं, तर समोर ऑक्टोपसचा पाय! कारण ज्याला रक्त नाही ते उपासाला चालतं, म्हणजे कोळंबी, माकुल, ऑक्टोपस सगळं. बिचारा त्या दिवशी पाव आणि ऑलिव्हवर राहिला. फेटा चीजचं म्हणाल तर ते मेंढीच्या दुधाचं असतं, फार तर ३० टक्के शेळीचं, पण दूध फाडायला बहुतेकदा प्राण्याचं रेनेट (वासरा-कोकराच्या पोटातून काढलेलं विरजण) वापरतात, बायको ते मानत असेल तर आधीच ठरवा.

तुमच्यासाठी, म्हणजे खाणाऱ्यासाठी. यीरोस (गायरोस म्हणू नका) बहुतेक ठिकाणी डुकराचं असतं, चिकनचं वेगळं मागावं लागतं. मूसाका चांगला लागतो पण त्याचा तो वरचा जाड पांढरा थर १९२० च्या दशकात त्सेलेमेंतेस नावाच्या शेफने फ्रेंच पद्धतीवरून आणलेला, त्यामुळे फार प्राचीन वगैरे समजून भारावून जाऊ नका. मी रत्नागिरीचा, माझा जीव मासळीत. गाव्रोस मागवा, आपल्या मांदेलीएवढे मासे पिठात घोळवून तळतात, डोक्यासकट खायचे. मोठा मासा मात्र किलोवर विकतात, मेनूत लिहिलेला भाव ताटाचा नसून किलोचा असतो, मी पहिल्याच आठवड्यात न विचारता एक मासा मागवला आणि बिल बघून घशात काटा अडकला. समोर वजन करायला लावा. मेनूत नावापुढे चांदणी असेल तर बहुधा माल फ्रोजन. पाव न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे लागतात, त्यावरून भांडू नका, सॅलडच्या तळाशी टोमॅटोचं पाणी आणि तेल उरतं त्यात तो बुडवून खा, खरी मजा तीच आहे.

पिण्याचं. ऊझो बडीशेपेच्या वासाची, पाणी ओतलं की डोळ्यादेखत दुधासारखी पांढरी होते. ती शॉट मारायची दारू नाही, सोबत बारीकसारीक खात दोन तास बसायचं. त्सिपुरो त्यापेक्षा कडक, क्रीटकडे त्याच प्रकाराला राकी म्हणतात आणि जेवणानंतर पुष्कळदा फुकट देतात. रेत्सिना ही पाइनची राळ घातलेली वाईन, मला टर्पेंटाइन प्यायल्यासारखी वाटली, पण तळलेल्या माशाबरोबर तिसऱ्या ग्लासाला आवडायला लागली. हाउस वाईन किलोवर मिळते, मिसो किलो म्हणजे अर्धा लिटर समजा. कॉफीत साखर आधीच पडते म्हणून ऑर्डर देतानाच सांगायचं, स्केतो बिनसाखरेची, मेत्रियो मध्यम, ग्लिको गोड, आणि तळाचा गाळ प्यायचा नाही. थंड फ्रापे १९५७ साली थेस्सालोनिकीच्या प्रदर्शनात योगायोगाने तयार झाली, आता पोरं फ्रेडो (थंड एस्प्रेसो) पितात.

जेवायच्या वेळा आपल्यापेक्षाही उशिराच्या, दुपारचं दोन-तीन, रात्रीचं नऊ-दहा. सात वाजता गेलात तर आजूबाजूला सगळे टुरिस्टच दिसतील. लाडेरा दुपारीच गाठा, रात्रीपर्यंत पातेली रिकामी होतात.

आणि हो, त्यांच्यात 'ने' म्हणजे हो, आणि 'ओही' म्हणजे नाही. आपल्या कानाला बरोबर उलटं. मी पहिले दोन दिवस "फावा आहे का" विचारायचो, वेटर "ने, ने" म्हणायचा आणि मी थँक्यू म्हणून बाहेर पडायचो. तुम्ही बसून घ्या.