पीटीच्या तासाला पोट दुखतं तेव्हा

"मॅडम, याला पीटीच्या तासातून सूट मिळेल असं एखादं पत्र द्या ना." जळगावात मुलांचं समुपदेशन करताना ही मागणी माझ्याकडे वारंवार येते. मूल अभ्यासात चांगलं असतं. मैदानावर मात्र धडपडतं, पडतं, मुलं हसतात आणि ते रडवेलं होऊन घरी येतं. आईबाबांना वाटतं, याला कुठं खेळाडू व्हायचंय, मग त्या एका तासासाठी पोराचा जीव कशाला घ्यायचा? ही काळजी खरी आहे. माझं उत्तर मी एका मुलाच्या निमित्ताने सांगते. त्याचं नाव आणि घरचे तपशील बदलले आहेत.

सोहम तिसरीत होता, आठ वर्षांचा. वडील एका जिनिंगमध्ये हिशेबाचं काम बघतात, आई घरी शिवणकाम करते, आजी सोबत राहते. मूळ गाव अमळनेर तालुक्यात बोरीकाठी, पण राहणं जळगावात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बुधवारी आणि शनिवारी सकाळी सोहमचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. शेवटी आईनेच शाळेचं वेळापत्रक पाहिलं, तर दोन्ही दिवशी पीटीचा तास.

पोटदुखी खोटी नव्हती. भीतीने मुलाच्या पोटात खरंच दुखतं, मळमळतं. त्यामुळे "नाटकं करू नकोस" हे वाक्य घरात पुन्हा उच्चारायचं नाही, एवढं मी पहिल्याच भेटीत ठरवून घेतलं.

मग त्याला बाहेरच्या मोकळ्या अंगणात नेलं. स्पर्धा नाही, शिट्टी नाही, बघणारं दुसरं कुणी नाही. खडूच्या रेषेवरून चालायला सांगितलं, तर तिसऱ्या-चौथ्या पावलाला तोल जायचा. लंगडी दोन-तीन उड्यांत मोडायची, कारण वर उचललेला पाय तसाच लोंबत राहायचा, उडीला जोर द्यायला तो पुढे-मागे हलतच नव्हता. चेंडू फेकताना उजव्या हाताबरोबर उजवाच पाय पुढे यायचा आणि कंबर वळायचीच नाही, त्यामुळे चेंडू जवळच पडायचा. चेंडू अंगावर आला की सोहम डोळे मिटून तोंड फिरवायचा आणि दोन्ही हातांनी तो छातीशी कवटाळायचा. एवढं पाहिल्यावर मुलं त्याला संघात का घेत नाहीत, हे वेगळं विचारायची गरज उरली नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाने असं फेकलं, असं झेललं तर त्यात वावगं काहीच नाही. सगळीच मुलं त्या टप्प्यावरून जातात. सोहम तिथेच थांबला होता.

शारीरिक शिक्षणात मूलभूत हालचालींचे तीन गट मानतात. एका जागेवरून दुसरीकडे नेणाऱ्या हालचाली म्हणजे चालणं, धावणं, उडी, लंगडी. तोल सांभाळणाऱ्या म्हणजे वाकणं, वळणं, एका पायावर उभं राहणं, गिरकी घेणं. आणि वस्तू हाताळणाऱ्या, म्हणजे फेकणं, झेलणं, लाथाडणं, टोलवणं. साधारण दोन ते सात या वयात त्यांचा पाया पडतो. पण वय वाढलं म्हणून त्या आपोआप पक्क्या होत नाहीत. दात जसे येतात तशी लंगडी येत नाही. ती करून, चुकून, कुणीतरी दाखवून येते. हे पालकांना सांगितलं की बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, कारण आपल्याला हे कुणी शिकवल्याचं आठवत नाही. आपल्याला वाड्याच्या ओट्याने, गल्लीने आणि मोठ्या भावंडांनी शिकवलं. लगोरीत नेम आणि फेक तयार व्हायची, विटीदांडूत टोलवणं, सागरगोट्यांत नजर आणि हात यांचा मेळ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर उभं राहून झोके चढवताना मुलींचा तोल असा काही तयार व्हायचा की बघत राहावं.

सोहमला यातलं काय मिळालं होतं? २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तो जेमतेम तीन वर्षांचा होता. पळण्या-पडण्याची ऐन वर्षं दोन खोल्यांत आणि मोबाइलसमोर गेली. शाळा सुरू झाल्यावर खाली खेळायला जावं, तर पार्किंगमध्ये गाड्या. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो, दुपारी मुलांना बाहेर सोडताच येत नाही. आईने त्याला जपलं, ते मायेनेच. आजी मात्र कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती, ती एकदम म्हणाली, "हाऊ पोऱ्या पडना नही, तं शिकी कसा?" म्हणजे हा पोरगा कधी पडलाच नाही, तर शिकेल कसा? तिच्या त्या एका वाक्यात निम्मं निदान होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी मी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे आणि डोळे तपासायला पाठवलं. झेलता न येणाऱ्या मुलाचे डोळे आधी तपासायचे, हा माझा आग्रह असतो. काही मुलांमध्ये डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजे हालचालींचा मेळ नीट न बसण्याचा विकार असतो. शाळकरी वयातल्या १०० मुलांमागे साधारण ५ ते ६ जणांत तो आढळतो. अशा मुलाला बुटाची नाडी बांधणं, बटण लावणं, ताटात न सांडता जेवणं, नीट लिहिणं यांतही सतत अडचण येते आणि नुसत्या सरावाने भागत नाही, ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाची मदत लागते. सोहमची नजर चांगली निघाली. नाडी तो बांधत होता, अक्षर वळणदार होतं. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की विकार नाही, सराव कमी पडला आहे.

वडिलांचं म्हणणं आधी असं होतं की खेळून कुठं पोट भरतं. तपासणी झाल्यावर ते दुसऱ्या टोकाला गेले: "मग क्रिकेटच्या कोचिंगला टाकतो, सहा महिन्यांत तयार होईल." मी त्यांना थांबवलं. ज्याला बाराखडी आली नाही त्याला निबंध लिहायला बसवण्यासारखं ते झालं असतं. क्रिकेट म्हणजे धावणं, फेकणं, झेलणं आणि टोलवणं, तेही घाईत आणि दहा जणांच्या नजरेसमोर. सुटं सुटं येत नसताना एकत्र कसं येणार? तिथे तो पुन्हा हरला असता आणि या वेळी बाबांच्या पैशाचं ओझंही डोक्यावर आलं असतं.

पत्राचं काय, हे आईने पुन्हा विचारलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. ज्याला येत नाही त्याला गणिताच्या तासातून आपण सूट मागत नाही. पीटीचा तास चपळ मुलं निवडण्यासाठी नसतो. शरीराची ताकद, दम आणि लवचीकता वाढावी, मेंदू आणि स्नायू यांचा मेळ बसावा, हरल्यावर सावरता यावं, चौघांत मिसळता यावं आणि हालचालीची गोडी जन्मभर टिकावी, ही शारीरिक शिक्षणाची उद्दिष्टं आहेत. पदक हा त्याचा लहानसा भाग, तोही थोड्यांसाठी. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शारीरिक शिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीने अभ्यासक्रमात स्थान आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ शाळेला मैदान असावं असं सांगतो. आणि जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल सुचवते. आठवड्यातले दोन तास मुळात त्या मानाने तोकडे, त्यातूनही सूट मागायची?

पण "तास चुकवू नको" एवढं सांगून पोटदुखी जाणार नव्हती. तास बदलायला हवा होता. आईच्या संमतीने मी पीटीच्या सरांशी बोलले. एका वर्गात साठाच्या आसपास मुलं, चेंडू मोजके, त्यामुळे ते बाद होण्याचे खेळ घ्यायचे. अशा खेळात ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच सर्वांत आधी बाद होतो आणि उरलेला वेळ कडेला बसतो. दोन कप्तान उभे करून मुलं निवडायची पद्धत तर मला मनापासून खटकते. शेवटी उरलेल्या मुलाला भर मैदानात कळतं की आपण कुणालाच नको आहोत. सरांनी ऐकून घेतलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडायला लागले. बाद झालेल्याने रेषेबाहेर दहा लंगड्या घालून परत खेळात यायचं, असा नियम त्यांनी स्वतःच काढला, आणि तो मला फार आवडला.

घरी आजीला प्रमुख नेमलं. सुरुवात फुग्याने केली, कारण फुगा हळू येतो आणि लागत नाही. डोळे उघडे ठेवून हात पुढे न्यायला वेळ मिळतो. फुगा जमल्यावर कापडाचा चेंडू, तोही आईच्याच चिंध्यांचा. टेनिसचा चेंडू बराच नंतर. फेकण्यासाठी जमिनीवर खडूने डाव्या पायाचं पाऊल काढलं, उजव्या हाताने फेकताना त्यावर पाय पडलाच पाहिजे. तोल येण्यासाठी गच्चीवर फरशांच्या रेघेवरून चालणं, ऊन कलल्यावर. रोज पंधरा-वीस मिनिटं, आणि "बघ, शेजारचा कसा करतो" हे कुणी म्हणायचं नाही. वडिलांनी रविवारी गावी न्यायचं ठरवलं. तिथे शेताच्या बांधावरून चालणं, ढेकळांतून पळणं हे गच्चीपेक्षा कितीतरी चांगलं शिकवतं.

यात सोहमची बहीण कुणाच्या डोळ्यांपुढेच नव्हती. ती सहावीत. बोलता बोलता कळलं की पीटीच्या तासाला ती आणि तिच्या मैत्रिणी वर्गात वह्या पूर्ण करत बसतात आणि घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. वयात येणाऱ्या मुलींचं खेळणं आपल्याकडे असं न बोलता बंद होतं. मी आईला म्हटलं, ज्या आजीने झोके चढवले तिच्या नातीला मैदानावर जायला कुणाची परवानगी लागू नये. आई पुढच्या पालकसभेत हे बोलली. आता त्या मुली खो-खो खेळतात.

सोहमची पोटदुखी एकदम गेली नाही. बुधवारची आधी थांबली, शनिवारची दिवाळीपर्यंत अधूनमधून होती. लंगडी आता मैदानाच्या अर्ध्यापर्यंत जाते. टेनिसचा चेंडू तो जवळून झेलतो, छातीशी न धरता. धावण्यात अजून मागेच असतो आणि क्रिकेटमध्ये त्याला लांब, सीमारेषेवर उभं करतात. त्याची तक्रार आहे की तिकडे चेंडूच येत नाही. ही तक्रार त्याच्या तोंडून ऐकताना मला फार बरं वाटलं.

दोरीवरच्या उड्या अजून जमत नाहीत. हात आणि पाय एकाच वेळी चालवताना गोंधळ होतो. म्हणून सध्या दोरी बाजूला ठेवली आहे. आधी जागच्या जागी दोन्ही पायांनी एका लयीत उड्या, मग दुमडलेली दोरी एका हातात धरून शेजारी फिरवत तीच उडी, आणि त्यानंतर दोरी डोक्यावरून.