नाव घे, काम सांग

चिरंजीवास, प्रभूत सलाम.

तुझा निरोप मिळाला. बाबा अजून डायलिसिसच्या मशीनवर आहेत, मग रविवारी चर्चमध्ये उभं राहून उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आणि माणसांचे जाहीर आभार, आत्ताच कशी करायची, आणि एवढ्या लोकांचे उपकार शब्दांत कसे मांडायचे, असं विचारतोस. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: आत्ताच. डायलिसिस म्हणजे टायफॉइड नव्हे, की ताप उतरला आणि पेढे वाटले. किडनी बदलेपर्यंत आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, हे चालायचंच. बरं झाल्यावर आभार, ही नवस फेडण्याची रीत. आपली नाही.

दुसरा प्रश्न अवघड. पण 'शब्द अपुरे आहेत' असं म्हणणार असशील तर रविवारी उभाच राहू नकोस. शब्द पुरतात, आपण आळस करतो. नाव घे, काम सांग.

बायबलमधलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र काढ. तुरुंगातून लिहिलंय, सुटकेची वाट न बघता. मदत एपफ्रदीताच्या हातून आली, थेस्सलनीकात होतो तेव्हाही तुम्ही एकदा नव्हे दोनदा पाठवलीत, आणि तो एपफ्रदीत मरणाला टेकला होता, हे सगळं त्यात आहे. त्याच्याच रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात तर नावांचीच रांग, सुरुवात फिबीपासून. उपासनेत आपण तो अध्याय घाईने उरकतो. मीही उरकत आलो. चर्चमध्ये उभं राहून मोघम साक्षी मीही दिल्यात, म्हणून तर एवढा तावातावाने लिहितोय.

'सर्वांनी खूप सांभाळलं' यातून कोणाला काय कळतं? त्यापेक्षा इंजेक्शनचं सांग. रक्त वाढवायचं ते इंजेक्शन 2 ते 8 अंशांत राहायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45ला जातो आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही. ज्या बाईने आपल्या फ्रीजमध्ये जागा केली, थर्मासमध्ये बर्फ भरला, आणि बाटली बर्फाला टेकून गोठू नये म्हणून रुमालात गुंडाळली, तिचं नाव घे. बाटली गोठली तर औषध वाया, म्हणून रुमाल. तो रुमालसुद्धा सांग.

महिला मंडळाने डबा दिला, एवढ्यावर थांबू नकोस. भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून मग फोडणी दिली. पोटॅशियम त्या पाण्यासोबत जातं. मीठ बेताचं, पापड-लोणचं नाही. खान्देशात बिनपापडाचा डबा देणं ही काय साधी गोष्ट आहे? उद्या दुसऱ्या घरात हाच आजार निघाला तर डबा कसा करायचा, हे मंडळी, म्हणजे आपलं सगळं चर्च, तुझ्या साक्षीतून शिकेल. काम सांग म्हणतो ते यासाठी.

आता केळी. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायचं म्हणजे फणी हातात हवीच, सोबत शहाळं. बाबांचे दिवस सोमवार-बुधवार-शुक्रवार. शुक्रवारनंतर मधले दोन दिवस मशीन नाही, म्हणजे रविवारी अंगात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही चढलेलं असतं. आणि नेमकं रविवारीच उपासना सुटली की लोक केळी घेऊन घरी येतात! पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके चुकतात, जीवही जातो. आलेल्याचे आभार मान, नाव घेऊन मान, पण केळ्यांचे मानू नकोस. यापुढे हात हलवत या, असं प्रेमाने सांग. फिस्टुलाच्या हातावर, म्हणजे डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या हातावर, रक्तदाब घ्यायचा नाही, दुसरी कुठली सुई टोचायची नाही, तो दाबायचाही नाही. प्रार्थनेत तोच हात घट्ट धरणाऱ्यांना हेही सांग.

पैशाचं वेगळं. व्यासपीठावरून रक्कम वाचू नकोस. पाच हजारांपाठोपाठ पन्नास रुपये वाचले की पन्नासवाली म्हातारी पुढच्या रविवारी मागच्या बाकावर बसते. गुप्त देणाऱ्याला गुप्तच राहू दे. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काय भागलं, गाडीभाडं-औषधं किती, शिल्लक काय, हे कागदावर लिहून पाळक आणि खजिनदारांकडे दे. शिल्लक तुझी नव्हे. ती कुठे वापरायची ते त्यांना विचार.

मंडळीबाहेरचे विसरू नकोस. येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांतला आभार मानायला परत आला तो एकटा शोमरोनी, म्हणजे परका होता, हे तुला मी सांगायला नको. तुमचा कापूस वेचून दिला त्या शेजाऱ्यांपैकी कितीजण चर्चला येतात? तरी त्यांचीही नावं घे.

एखादं नाव राहीलच आणि तो माणूस रुसेलही. म्हणून पाठांतरावर जाऊ नकोस, कागदावरून वाच. डायलिसिसच्या फाईलमध्ये प्रत्येक वेळची तारीख आणि आधीचं-नंतरचं वजन असतं. त्या तारखा वहीत उतरव आणि प्रत्येकीसमोर लिही: कोण सोबत आलं, कोणी गाडी दिली, गुरांना कोणी पाणी पाजलं.

अर्ध्या तारखांना तू कामावर होतास, तुला आठवणार नाही. बाबांना आठवेल. सोमवारी मशीनवर त्यांना चार तास पडून राहायचंच आहे. वही-पेन घेऊन मोकळ्या हाताच्या बाजूला बस, आणि ते सांगतील तसं लिहून घे.