आईच्या टाचेवरचा काळा डाग

प्रश्न : माझ्या आईच्या (वय 61) टाचेवर वर्षभरापासून काळा डाग आहे. दुखत नाही, खाजत नाही. आधी मोहरीएवढा होता, आता शर्टाच्या बटणाएवढा झालाय. मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) गोऱ्या लोकांनाच होतो ना? आम्ही सगळे सावळे. ओळखीतले म्हणतात, डाग जाळून टाका.

उत्तर : जाळू नका, ही पहिली विनंती. ॲसिड नको, लेसर नको. वरचा रंग जातो, तपासायला काही उरत नाही आणि आत काही असेल तर ते वाढत राहतं.

गोऱ्या त्वचेला धोका कितीतरी जास्त, हे खरं. पण सावळ्या माणसांत मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो. तिथे ऊन लागत नाही, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. गायक बॉब मार्ली यांना 1977 मध्ये पायाच्या नखाखाली तो सापडला. 1981 मध्ये ते गेले, वय फक्त 36. मी नवखी असताना एका बाईंचे वांग तपासून त्यांना घरी पाठवलं. काही महिन्यांनी त्या जांघेत गाठ घेऊन परत आल्या. मूळ तळपायावर होतं आणि मी पाय पाहिलेच नव्हते. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येकाला मोजे काढावे लागतात.

वेड्यावाकड्या कडा, एकाच डागात दोन-तीन रंग, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा आकार ही लक्षणं आहेतच. पण तुमच्या पत्रातलं ‘आता बटणाएवढा झालाय’ हे मला जास्त खटकलं. बदलणारा डाग दाखवायलाच हवा. (सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर काळसर रेघा असतात, त्यांना घाबरू नका. एकाच नखावरची, रुंद होत कातडीवर उतरलेली रेघ मात्र दाखवा.)

डॉक्टर डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) पाहतील, संशय वाटला तर तेवढ्या जागी भूल देऊन बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा, घेतील. मेलानोमा निघालाच तर पुढचं सगळं त्याच्या जाडीवर ठरतं. एक मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची सेंटिमीटरभर त्वचा काढून बहुतेकांचं भागतं. जाड असेल तर जांघेतली ग्रंथीही तपासतात. पसरलेल्या आजारावरही आता इम्युनोथेरपीने (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांनी) काही जण वर्षानुवर्षं जगतात.

उन्हापासून जपा, सनस्क्रीन लावा; तळपायाला मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे महिन्यातून एकदा नजरच फिरवावी लागते. आईंना याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. नखांना नेलपॉलिश नको, आणि डागाचा जुना फोटो असेल तर सोबत ठेवा.