गणिताचं टपाल : समजतं सगळं, लिहिता येत नाही

प्रश्न : बाई, मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय गणित. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॉलेजला रोज एसटीने येऊन-जाऊन करतो. सर फळ्यावर सिद्धता लिहितात तेव्हा ओळ न ओळ कळते. घरी स्वतः लिहायला बसलो की दोन ओळींत आटपतो आणि ट्यूटोरियलच्या वहीवर लाल पेनाने ‘कसे?’ किंवा ‘हे सिद्ध करायचे नव्हते’ असा शेरा येतो. मागच्या वेळी ‘म² सम असेल तर म सम असतो’ हे सिद्ध करायचं होतं. मी लिहिलं : ‘म = २क. ∴ म² = ४क². ∴ सम. सिद्ध.’ मार्क शून्य. यात खोटं वाक्य एकही नाही, मग शून्य का? दुसरं होतं ‘दोन विषम संख्यांची बेरीज सम असते’. त्याला (२क + १) + (२क + १) = ४क + २ असं लिहिलं तर अर्धेच मिळाले. मित्र म्हणतो, सिद्धता पाठ कर आणि मोकळा हो. मला पाठ करायची नाहीय, लिहायला शिकायचंय. काय करू?
— एक विद्यार्थी, देवरुख

उत्तर : (छपाईच्या सोयीसाठी तुझी इंग्रजी अक्षरं देवनागरी केली आहेत, रागावू नकोस.)

पहिल्याला शून्य दिलं ते बरोबरच आहे. मी तपासलं असतं तरी तेच दिलं असतं. दुसऱ्याला अर्धे दिले, म्हणजे तुझे सर माझ्यापेक्षा मवाळ आहेत.

पहिलं घे. पक्ष काय होता? म² सम आहे. साध्य काय होतं? म सम आहे. तू पहिल्याच ओळीत ‘म = २क’ लिहिलंस, म्हणजे साध्य हातात घेऊनच निघालास आणि पक्षापाशी पोचलास. प्रत्येक वाक्य खरं आहे, कबूल. पण ती भलत्याच विधानाची, म्हणजे व्यत्यासाची (पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल केलेल्या विधानाची) सिद्धता आहे.

‘असं असलं तरी निष्कर्ष खरा आहे ना!’ असं तू म्हणशील, म्हणून एक गंमत दाखवते. आता हे विधान घे : म² ला ४ ने भाग जात असेल, तर म ला ४ ने भाग जातो. तुझ्या पद्धतीने ‘सिद्ध’ करू. म = ४क. ∴ म² = १६क². ∴ ४ ने भाग जातो. सिद्ध. आणि ६ चं काय? ६ चा वर्ग ३६, त्याला ४ ने भाग जातो. ६ ला जात नाही. विधान साफ खोटं, आणि तुझी सिद्धता त्याच्यावरही तशीच बसली. जी पद्धत खोट्या विधानालाही ‘सिद्ध’ म्हणते, तिला मार्क कसे द्यायचे? लिहून झाल्यावर विधान किंचित बिघडवून पाहायचं, २ च्या जागी ४ घालायचा, आणि सिद्धता कुठल्या ओळीला मोडते ते शोधायचं. कुठेच मोडली नाही तर काहीतरी घोटाळा आहे.

नीट लिहिलेलं असं दिसेल : ‘समजा म सम नाही. म ही पूर्ण संख्या असल्याने ती विषम आहे; म्हणजे क ही एखादी पूर्ण संख्या घेऊन म = २क + १ असं लिहिता येतं. मग म² = ४क² + ४क + १ = २(२क² + २क) + १. कंसातली संख्या पूर्ण आहे, म्हणून म² विषम आहे. म्हणजे म विषम असेल तर म² विषमच असतो. म्हणून म² सम असेल तेव्हा म समच असला पाहिजे.’ बघ, पाच-सहा वाक्यं झाली, चिन्हं थोडी आणि बोलणं जास्त. आणि इथे २ च्या जागी ४ घालून बघ. ‘सम नाही म्हणजे विषम’ या पहिल्याच पायरीला अडतं, कारण ४ ने भाग न जाणाऱ्या संख्यांची बाकी १, २ किंवा ३ असू शकते. बाकी २ असेल तिथेच तो ६ लपलेला आहे.

शाळेत भूमितीला पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे मथळे घालायला लावायचे. कॉलेजात गेलं की मुलांना ते पोरकट वाटायला लागतात. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या शाळांनी लावलेली ही सोन्यासारखी सवय आहे. पेपरात नको असेल तर नको लिहूस, पण कच्च्या कागदावर पक्ष आणि साध्य वेगवेगळ्या ओळींवर लिहिल्याशिवाय पुढे सरकू नकोस.

आता दुसरं. तुझ्या दोन्ही विषम संख्यांत क एकच आहे. म्हणजे तू ७ + ७, ११ + ११ अशा बेरजा सम असतात हे दाखवलंस. ७ + ११ चं नावच काढलं नाहीस. तू कोकणातला, तुला सातबारा सांगायला नको. एकेका गुंठ्यावर वीस-वीस नावं असतात, पण प्रत्येक नावाला फेरफार असतो : हा माणूस इथे आला कसा, वारसाने की खरेदीने. सिद्धतेतल्या अक्षराचंही तसंच. प्रत्येक अक्षर पहिल्यांदा येतं तेव्हा ते कुठून आलं, ते काय आहे, पूर्ण संख्या की वास्तव, आपल्या मर्जीने घेतलं की कशामुळे मिळालं, हे लिहायचं. असं लिही : ‘समजा अ आणि ब या विषम संख्या आहेत. अ विषम असल्यामुळे अ = २क + १, इथे क पूर्ण संख्या. ब विषम असल्यामुळे ब = २ख + १, इथे ख पूर्ण संख्या.’ हे लिहायला लागलास की दुसऱ्यांदा क लिहिताना हातच अडखळतो, कारण क चा फेरफार आधीच अच्या नावे पडलेला असतो. पुढे अ + ब = २(क + ख + १), झालं.

लाल पेनातला तो ‘कसे?’ बहुतेक वेळा ‘∴’ या चिन्हाशेजारी येत असणार. वही उघडून पाहा. मुलं ते तीन ठिपके तिखटमिठासारखे पेरतात. माझ्याकडे वही आली की मी प्रत्येक ‘∴’ वर बोट ठेवून विचारायची, कशावरून? वरच्या ओळीवरून की व्याख्येवरून की एखाद्या प्रमेयावरून? सांगता आलं तर ते कारण तिथेच चार शब्दांत लिही. सांगता आलं नाही, तर तिथे सिद्धतेला भोक आहे आणि तुला ते पेपर जायच्या आधी सापडलं.

आणखी एक खोड तुझ्या पत्रात दिसली नाही, पण असणार. रफ आणि फेअर एकच करायची. उदाहरण : क आणि ख धन असतील तर (क + ख)/२ ही √(कख) पेक्षा लहान नसते. कच्च्या कागदावर आपण उलटं जातो. साध्याची दुप्पट केली, सगळं एका बाजूला आणलं, क − २√(कख) + ख ≥ ०, अरे हा तर (√क − √ख) चा वर्ग, तो शून्याहून लहान नसतोच! छान. शोधायची रीत हीच. पण फेअर करताना सुरुवात वर्गापासून करायची आणि उतरत साध्यापर्यंत यायचं. साध्य पहिल्या ओळीत लिहून शेवटी ‘जे खरे आहे’ असं म्हणण्यात काय धोका आहे ते बघ : −१ = १ हे धर, दोन्ही बाजूंचा वर्ग कर, १ = १ मिळतं, जे खरं आहे. म्हणून −१ = १?

उदाहरणं भरपूर कर, पण ती सिद्धतेच्या जागी ठेवू नकोस. ऑयलरची राशी म² + म + ४१ ही म = ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या देते. चाळीस उदाहरणं पाहून कोणाचाही विश्वास बसेल. म = ४० ला ती ४१ × ४१ होते.

मात्र मोजक्याच शक्यता असतील आणि त्या सगळ्या तपासल्या, तर ती अस्सल सिद्धता असते. याचा सराव म्हणून आपल्याच किनाऱ्यावरचं, डहाणूत जन्मलेल्या द. रा. कापरेकरांचं ६१७४ घे. देवळालीच्या शाळेतल्या या मास्तरांनी १९४९ मध्ये ही संख्या शोधली. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच (९९९ आलं तर ते ०९९९ धरायचं). ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि पुढे तीच येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे पोचते. हजारो संख्या तपासत बसायचं का? नाही. उतरत्या क्रमातले अंक त, थ, द, ध असतील तर वजाबाकी ९९९(त − ध) + ९०(थ − द) एवढीच येते. म्हणजे सगळं दोन फरकांवर अवलंबून आहे. त − ध हा १ ते ९ मधला, आणि थ − द हा ० पासून त − ध पर्यंत. जोड्या मोजल्या तर २ + ३ + … + १० = ५४. चोपन्न शक्यता एका रविवारी हाताने होतात. ‘पहिल्या वजाबाकीनंतर येणाऱ्या प्रत्येक संख्येला ९ ने भाग जातो’ हे तर एका वाक्याचं काम. ही दोन्ही नीट लिहून मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते.

लिहिलेलं दोन दिवस बाजूला ठेव आणि मग मोठ्याने वाच, चिन्हंसुद्धा शब्दांत. जे वाचताना जीभ अडते ते लिहिताना अर्धवट राहिलेलं असतं. पाठांतरवाला तुझा मित्र आहे ना, एसटीत त्याच्या हातात वही दे आणि तू तोंडातून अक्षर काढू नकोस. ‘म्हणजे काय की…’ असं सांगायची तुला जिथे उबळ येईल, तिथे वहीत एक वाक्य कमी आहे. माध्यमाची चिंता करू नकोस. आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत उतरव. सिद्धतेला लागणारं इंग्रजी तीस-चाळीस शब्दांचं असतं.

प्रश्न : माझी मुलगी दहावीला आहे. पायथागोरसची सिद्धता पाठ आहे, घडाघडा म्हणते. पण परीक्षेत त्रिकोणाला एबीसीऐवजी पीक्यूआर नाव दिलं की गोंधळते. लिहून लिहून घेते मी. अजून काय करू?
— एक आई, मालवण

उत्तर : ताई, लिहून घेणं आधी थांबवा. तिला आकृतीच उलटी काढायला सांगा, काटकोन वर, कर्ण खाली, आणि शिरोबिंदूंना तुम्ही मनाला येतील ती नावं द्या. मग वही मिटून तोंडी विचारा : लंब कुठून टाकला? कोणते दोन त्रिकोण समरूप, आणि कोणत्या कोनांवरून? तीन त्रिकोण समरूप आहेत, त्यातून दोन गुणाकार मिळतात आणि त्यांची बेरीज कर्णाचा वर्ग होते, एवढा सांगाडा तिला अक्षरांशिवाय, नुसतं बोट दाखवून सांगता आला की नावं काहीही असोत.

प्रश्न : मूळ संख्या अनंत असतात ही युक्लिडची सिद्धता शिकवताना मुलं हमखास लिहितात, ‘सर्व मूळ संख्यांचा गुणाकार अधिक १ ही नवी मूळ संख्या.’ हे कसं सोडवावं?
— एक शिक्षक, गुहागर

उत्तर : सर, फळ्यावर २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ करून घ्या. ३०,०३१ येतात. मूळ आहे का ते शोधू द्या त्यांना, तास गेला तरी चालेल. ५९ × ५०९ सापडलं की विचारा, हे दोघं आपल्या यादीत होते का? नव्हते. सिद्धतेला तेवढंच हवं असतं : यादीतल्या कुठल्याही संख्येने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून या संख्येचा कोणताही मूळ भाजक यादीबाहेरचा असतो. ‘समजा सर्व मूळ संख्या एवढ्याच आहेत’ अशी अप्रत्यक्ष सुरुवात टाळा, गोंधळाचं मूळ बरंचसं तिथे आहे. ‘मूळ संख्यांची कोणतीही सांत (म्हणजे कुठेतरी संपणारी) यादी घ्या’ असं म्हणून थेट लिहा. यादी त्यांना स्वतःची निवडू द्या; एखादा ३ आणि ५ एवढेच घेईल, त्याला १६ मिळतील आणि यादीबाहेरचा २ सापडेल.