‘पालकांची मदत घ्या’ हे उत्तर तिला पटलं नाही, ते बरंच झालं

प्रश्न : माझी मुलगी जन्मापासून पूर्ण अंध आहे. बार्शीत बारावीला, कला शाखेत. लॅपटॉप, मोबाइल सगळं ऐकून ऐकून वापरते. गेल्या वर्षी राज्य सरकारच्या एका कार्यालयाचा शिष्यवृत्तीचा अर्ज तिने एकटीने ऑनलाइन भरला, पण शेवटी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायची होती, तिथे अडली. तिने तीन मेल पाठवले. महिन्याने उत्तर आलं, ‘पालकांची मदत घ्या.’ तेव्हापासून वकीलच व्हायचं म्हणते. तिचा मामा म्हणतो, आरक्षण आहे, बँकेची तयारी कर. मलाही तेच पटतं. कोर्टातले कागद तिला कोण वाचून दाखवणार?

उत्तर : नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण घरात खरं अडलं आहे ते तिथेच.

बरेचसे कागद तिचा लॅपटॉपच वाचेल. टाइप केलेला निकाल पीडीएफमध्ये आला, की एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो घडाघडा वाचतो, तेही फुकट. पण तोच निकाल झेरॉक्स काढून तिरका स्कॅन केला, की त्याचं नुसतं चित्र होतं. मग ओसीआर करा, म्हणजे सॉफ्टवेअरकडून चित्रातली अक्षरं ओळखून घ्या, वर चुका शोधा. मराठीचं दुखणं आणखी वेगळं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तुम्हा-आम्हाला स्वच्छ मराठी दिसतो, स्क्रीन रीडरला मात्र आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा सापडतो. हाताने लिहिलेला पंचनामा, जुनी फेरफार नोंद, यांना माणूस लागणारच. पण डोळस वकीलही ज्युनिअर आणि कारकून ठेवतातच की. त्यात कुणाला कमीपणा वाटलेला मी पाहिला नाही.

आता त्या कॅप्चाबद्दल, म्हणजे त्या वेड्यावाकड्या अक्षरांबद्दल. तुमच्या लेकीला जे खटकलं, ते कायद्यालाही खटकतं. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता यावं, ही जबाबदारी सरकारवर टाकतं. गोची नियमांत होती. कायदा ‘केलंच पाहिजे’ म्हणत होता आणि २०१७च्या नियमांतला नियम १५ ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवत होता, ती बरीचशी ‘केल्यास बरे’ अशा सुरात लिहिलेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

पुढचा निकाल मात्र तिला शब्दन् शब्द वाचायला सांगा. बँक खातं किंवा सिमकार्ड यासाठी ऑनलाइन केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटा-उघडा म्हणतात ना? ज्यांना ते जमत नाही, ते तिथेच अडतात. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि स्वतः दृष्टिहीन वकील असलेले अमर जैन, या दोघांच्या याचिका एकत्र ऐकून सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी २० निर्देश दिले आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं म्हटलं. अडवणूक सोसलेला माणूसच ती याचिका घेऊन गेला आणि तोच वकीलही होता, हे मामांना जरूर सांगा. त्याआधी जवळपास दोन महिने, ३ मार्च २०२५ला, अंधत्वाच्या कारणावरून कुणाला न्यायाधीशपदाच्या भरतीतून बाहेर ठेवता येणार नाही, असंही याच न्यायालयाने सांगितलं. नागपूरचे राहुल बजाज हेही दृष्टिहीन वकील, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाऊन आलेले. एका खासगी आरोग्य अॅपविरुद्ध दिव्यांग आयुक्तांकडे त्यांनी स्वतः तक्रार लढवली.

बँकेला मी नाक मुरडत नाही. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव असतात, त्यातली १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. ती वाट पदवीनंतरही उघडी राहील. पण बँकेतलं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरला दाद देत नसेल, तर पहिल्याच आठवड्यात तिला हाच कायदा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जावं लागेल.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलते. वकिलीत पहिली काही वर्षं तंगीची असतात, डोळस मुलांचीही. म्हणून शिकता शिकता सुगम्यता चाचणीचं, म्हणजे दिव्यांगांना वेबसाइट, अॅप वापरता येतं का हे तपासण्याचं, काम तिने हाती घ्यावं. वेबसाइट किंवा अॅप माऊसशिवाय चालतं का, बटणांना नावं आहेत का, फॉर्ममधली चूक ऐकू येते का, हे तपासून लिहायचं. त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मापदंड डब्ल्यूसीएजी नावाचा आहे, भारताचं स्वतःचं मानक आयएस १७८०२. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने जुलै २०२५मध्ये परिपत्रक काढून आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना अशी तपासणी बंधनकारक केली आणि युरोपचा सुगम्यतेचा कायदा २८ जून २०२५पासून लागू झाला, त्यामुळे आयटी कंपन्यांनाही माणसं लागताहेत. या कामाचं प्रमाणपत्र देणारी सीपीएसीसी नावाची परीक्षा आहे, तिला प्रोग्रॅमिंग लागत नाही. इंग्रजी मात्र पक्कं लागतं. तिथे सूट नाही.

यंदा तिने पाच वर्षांच्या लॉची सीईटी द्यावी. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, तयार ठेवा, लेखनिक आणि जादा वेळेसाठीची कागदपत्रं माहितीपुस्तिकेत पाहून वेळेत द्या. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत उच्च शिक्षणासाठी किमान ५ टक्के जागा दिव्यांगांच्या असतात. प्रवेश घेण्याआधी ग्रंथालयात एकदा जाऊन विचारा : पुस्तकं वाचता येतील अशा फाइलमध्ये मिळतील का? कॉपीराइट कायद्यात २०१२पासून यासाठी सवलत आहे, त्यामुळे ‘प्रकाशक परवानगी देत नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. आणि तिच्याकडून युनिकोड, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येणाऱ्या, मराठी टायपिंगचा सराव करून घ्या, अर्धा तास का होईना, रोज.

ते तीन मेल आणि आलेलं उत्तर जपून ठेवलंय ना? राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. तारखा, त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि मेलच्या प्रती जोडून तिथे तक्रार करता येते. स्क्रीनशॉट तुम्ही काढून द्या. तक्रार मात्र तिलाच लिहू द्या, मसुदा कच्चा झाला तरी चालेल. पाठवण्याआधी मला दाखवायची असेल तर दाखवा.