पारावरचे वीर भिंतीत बसवायचे का?

प्रश्न : ताई, आमचं गाव करवीर तालुक्यात. ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. पाराजवळ पाच-सहा कोरीव दगड आहेत. आम्ही त्यांना वीर म्हणतो, अमावास्येला नारळ फोडतो. कमिटी म्हणते, दगड घासून, ऑइलपेंट मारून नव्या कंपाउंडच्या भिंतीत सिमेंटनं बसवूया, शोभा येईल. आम्हा पोरांना पटत नाही, पण मोठ्यांपुढं बोलायचं कसं?

उत्तर : भांडून नको. दगड उघड्यावर पडलेत हे कमिटीलाही बघवत नाही, म्हणूनच ती खर्चाला तयार झालीय. तिथूनच बोलायला लागा.

सगळ्यांना एकदा पारावर बोलवा आणि एक दगड खालून वर दाखवा. तुमचे वीर म्हणजे वीरगळ, लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचे दगड. वीरगळ तसाच बघायचा असतो. खालच्या चौकटीत लढाई. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेताहेत. वरती तो शिवपिंडीपुढं हात जोडून बसलाय. माथ्याला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत त्याची कीर्ती राहो. आता खालच्या चौकटीतली माती हातानं बाजूला सारा. तिथं गाई दिसल्या, तर तो माणूस गावची जनावरं पळवणाऱ्यांना अडवताना पडला असं समजायचं. वीरगळावर नाव बहुधा कोरलेलं नसतं. तो कशापायी मेला हे सांगणारी तेवढीच जागा असते, आणि दगड सिमेंटात रोवला की पहिल्यांदा तीच गाडली जाते. हे डोळ्यांनी बघितल्यावर म्हातारी माणसं स्वतःच नको म्हणतील, असं मला मनापासून वाटतं. तरी कुणाला पटलं नाही, तर कमिटीला कसबा बीडला घेऊन जा. तुमच्याच तालुक्यात आहे, वीरगळ भरपूर आहेत.

ऑइलपेंटनं कोरीव रेषा बुजतात, ओल आत कोंडते, आणि पुढं पोपडे निघताना दगडाचा पापुद्रा घेऊन निघतात. सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात. शिवाय उद्या दगड काढायचा म्हटलं तर फोडल्याशिवाय निघत नाही. अ‍ॅसिड, तारेचा ब्रश, ग्राइंडर यातलं काहीच लावू नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. शेंदूर असेल तर राहू दे, ती गावाची पूजा आहे.

दगड आहेत तिथंच ठेवा. भोवती पाणी साचणार नाही असा उतार काढा आणि बिनसिमेंटचा, रचीव दगडांचा बुटका चौथरा करा. कुणीतरी म्हणेल, कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियमला देऊन टाका. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात निघालेल्या वस्तूंना ते ठिकाण योग्यच आहे. पण ज्या दगडापुढं आजही नारळ फुटतो, तो गावातनं हलवू नये असं माझं ठाम मत आहे.

काम सुरू व्हायच्या आत नोंद करा. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या कडेनं तिरकी धरून फोटो काढा. दुपारच्या उन्हात न दिसणारी अक्षरंसुद्धा तेव्हा उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवा, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा. मग घरोघरी जाऊन आज्ज्यांना विचारा : नैवेद्य कुणाच्या घरातनं येतो, मान कुणाचा, कुठल्या दगडाला काय म्हणतात. ही वही ग्रामसभेत वाचा आणि दगड न हलवण्याचा ठराव घ्या. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. पैसे देऊन दगड उचलायला कुणी आलं, तर हे तोंडावर सांगा.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सापडला. कडा कसरीनं खाल्ल्यात. लॅमिनेशन करून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको, सेलोटेपही नको. लॅमिनेशन केलेला कागद परत मोकळा करणं फार अवघड असतं. सावलीत पसरा, मऊ ब्रशनं धूळ झाडा, प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. कागद ज्या क्रमानं बांधलेत तो मोडू नका. वाचून घ्यायचे असतील तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करा. जाताना फोटो न्या, मूळ कागद घरीच राहू देत.