ठेव मोडून जुनी लेथ घ्यावी का?

तुमच्या पत्रातला बेत थोडक्यात असा: साउथ बेंड या अमेरिकी कंपनीची 1940च्या दशकातली नऊ इंची लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापायची मशीन), मॉडेल सी, बरीच वर्षं शेडमध्ये बंद पडून आहे. मालक जेवढे मागतोय तेवढ्यात तुमचा दोन महिन्यांचा घरखर्च निघतो. ते पैसे आपत्कालीन निधीच्या ठेवीतून काढायचे, लेथ घरी आणून खोलायची, सुधारायची आणि बाहेरचे छोटे जॉब घेऊन वर्षभरात वसूल करायचे. निधी सध्या सहा महिने पुरेल इतका आहे.

लेथची निवड चांगली आहे, हिशोब कच्चा आहे.

दोन महिने ही नुसत्या मशीनची किंमत झाली. वाहतूक, मोटर, चार जबड्यांचा चक (जॉब घट्ट धरणारी पकड), टूल पोस्ट (कापायचं हत्यार धरणारा भाग), डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मापक) आणि 'किरकोळ' ही यादी तुम्हीच दिली आहे, प्रत्येकासमोर अंदाजी आकडाही लिहिला आहे, फक्त बेरीज केलेली नाही. मी केली. मशीन धरून साडेतीन महिने होतात. म्हणजे हाताशी अडीच महिने उरले, आणि लेथचा अजून एकही नट सैल झालेला नाही.

यादीत चेंज गिअर नाहीत, हे मला जास्त खुपतं. मॉडेल ए-ला दांडा सरकवून आट्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बदलणारी गिअरबॉक्स असते. सी-ला ती नाही, प्रत्येक पिचसाठी गिअर हातानं बदलावे लागतात. मशीनसोबत तीनच गिअर मिळणार असं तुम्ही लिहिता आणि खाली दोन ओळींवर 'मुख्यतः आटे पाडायची कामं घेईन' असंही लिहिता. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, अशी गत व्हायची. ही लेथ पूर्वी पुष्कळ विकली गेली आहे, त्यामुळे सुटे भाग शोधले तर मिळतात. पण सुटे सुटे जमवलेले गिअर पूर्ण संचापेक्षा बहुधा महाग पडतात.

आता बेड, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर सरकतात तो लांब पाया. रंग उडालाय, गंज आहे, याची मला काळजी नाही. वरवरचा गंज मेहनतीनं निघतो आणि मेहनत तुमच्याकडे आहे. झिजलेलं बीड (ओतीव लोखंड) मात्र परत येत नाही. बहुतेक काम चकाजवळ होतं, म्हणून बेड तिथेच जास्त झिजतो. पुन्हा बघायला जाल तेव्हा कॅरेज (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकाजवळ आणा, त्याचा लॉक किंचित ओढ लागेल इतकाच आवळा आणि हँडव्हील फिरवत टेलस्टॉककडे (बेडच्या दुसऱ्या टोकाकडे) न्या. सारखीच ओढ लागत राहिली तर ठीक. मध्येच घट्ट होऊन अडकलं, तर चकाजवळचा भाग खाली गेला आहे असं समजा. झिजेमुळे कॅरेज आडवं 0.05 मिमी सरकलं तरी जॉबच्या व्यासात 0.1 मिमी फरक पडतो. स्वतःच्या कामात तो चालवून घ्याल, पैसे देणारा माणूस घेणार नाही. बेड ग्राइंड करून घेता येतो, पण मग सॅडल (कॅरेजचा बेडवर बसणारा भाग) खाली बसतं, लीड स्क्रूची (आटे पाडताना कॅरेज सरकवणाऱ्या लांब स्क्रूची) रेघ चुकते, आणि एका खर्चातून दुसरा निघत राहतो. चाचणी नापास झाली तर घासाघीसही करू नका, परत या.

मशीन घेतलीतच तर हेडस्टॉकमधल्या फेल्टच्या वाती सगळ्यांत आधी बदला. स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) तेल त्याच चढवतात आणि वर्षानुवर्षं पडून राहिल्या की जुनं तेल धरून कडक होतात. यादीतली बहुधा सर्वांत स्वस्त वस्तू हीच. ती न बदलता मोटर चालू केली तर सर्वांत महागाचं दुखणं ओढवून घ्याल.

वसुलीचं बोलू. आठवड्याला सहा तास म्हणजे वर्षाला साधारण तीनशे. त्यातला मोठा भाग खोलणं, धुणं, जुळवणं यातच जाईल, पहिल्या वर्षी जॉबला वेळ कुठून आणणार? लेथ हवी असेल तर थोडी महाग पण चालू स्थितीतली घ्या. लेथ दुरुस्त करण्याची हौस असेल तर हीच घ्या, फक्त तो खर्च सहलीच्या खात्यात टाका. हौसेला माझा विरोध नाही. ती गुंतवणुकीचे कपडे घालून आली की मात्र मी अडवतो. 'जुन्या मशीनची किंमत पडत नाही' हे तुमचं वाक्य अर्धंच खरं आहे: संपूर्ण, चालू मशीनला गिऱ्हाईक असतं, अर्धवट खोलून डब्यांत भरलेलीला भंगाराचा भाव येतो. बदली, आजारपण, काहीही झालं तर तुमची मशीन नेमकी त्या अवस्थेत असेल.

म्हणून ठेवीला हात लावू नका, कर्जही नको. दर महिन्याला घरखर्चाच्या चौथा भाग इतके पैसे बाजूला टाकता येतात असं तुम्हीच लिहिलंय. आठ महिन्यांत मशीनची किंमत जमते, पुढच्या सहांत बाकीची यादी. मालक थांबायला तयार असेल तर छोटा बयाणा द्या, पण उरलेले गिअर त्याच्या शेडमध्ये सापडतात का ते आधी बघायला सांगा. जुन्या मशीनचे भाग बऱ्याचदा कुठल्यातरी डब्यात पडलेले असतात. गिअरचे दात मोजून आणा आणि कॅरेज कुठे अडकलं तेही कळवा, मग आकडा पुन्हा मांडू.